अर्धा पिक्सेल उजवीकडे

फ्रेम १

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या सासूबाई भित्तिचित्राखालच्या टेबलाशी बसून एका जाड शब्दकोशाच्या पाठीला सरस लावत होत्या.

पहिल्या फ्रेममध्ये एवढंच येतं.


फ्रेम २ (अर्धा पिक्सेल उजवीकडे)

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या सासूबाई भित्तिचित्राखालच्या टेबलाशी बसल्या होत्या आणि मी त्यांच्यापासून पंधरा पावलांवर, कॅमेऱ्याला जोडलेल्या लॅपटॉपसमोर, तोंडावर हात दाबून उभी होते. हे ग्रंथालय आहे. अकराला वाचनाचा हा मोठा हॉल लोकांसाठी उघडतो. म्हणजे वीस मिनिटं होती.


फ्रेम ३ (अर्धा पिक्सेल वर)

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या सासूबाई जिथे बसल्या होत्या तिथे, त्यांच्या डोक्याच्या जेमतेम हातभर वर, चित्रातली बोचकंवाली बाई उभी होती. चित्र नदीकाठचं आहे. चौदा पावलं लांब, तीन माणसं उंच. पलीकडे जायला नाव कधी येते याची वाट बघत चाळीसएक माणसं थांबली आहेत, आणि नाव गेली पंच्याऐंशी वर्षं पोचलेली नाही. सासूबाई ग्रंथालयाच्या बाइंडर. एकतीस वर्षं त्या याच टेबलावर फाटकी पुस्तकं बांधतात, कारण खिडकीचा चांगला उजेड इथेच पडतो. बोचकंवालीला त्या ‘माझी शेजारीण’ म्हणतात. एकतीस वर्षांत एकदाही साखर उसनी मागायला आली नाही, अशी शेजारीण नशिबाने मिळते, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या पडद्यावर त्या शेजारणीच्या अंगभर जाळी होती. गुडघ्यापासून कपाळापर्यंत, बारीक, चौकटीचौकटीची, पिठाच्या चाळणीसारखी.

जाळी म्हणजे हालचाल. शेजारीण हलत होती.


फ्रेम ४

कॅमेरा काय करतो ते इथेच सांगते, नाहीतर चाळणीला घाबरणारी बाई वेडी वाटेल.

कॅमेऱ्याच्या आत जिथे आपली फिल्म असायची तिथे आता सेन्सर असतो, आणि सेन्सरवर कोट्यवधी ठिपके, म्हणजे पिक्सेल. प्रत्येक ठिपक्याला एकच रंग दिसतो. लाल, हिरवा नाहीतर निळा. बाकीचे दोन रंग कॅमेरा आजूबाजूच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो. वाढदिवसाच्या फोटोला अंदाज चालतो. रंगाची एकेक भेग नोंदवायची असेल तर चालत नाही. म्हणून आमच्या कॅमेऱ्यात एक सोय आहे. सेन्सर चुंबकांच्या जोरावर तरंगत असतो. एरवी फोटो काढणाऱ्याचा हात थरथरला की तो उलट्या बाजूला सरकून तोल सांभाळतो. आमच्या कामात कॅमेरा जड स्टँडवर दगडासारखा ठेवायचा आणि सेन्सरला मुद्दाम सरकवायचं. कधी एक पिक्सेल, कधी अर्धा. उजवीकडे, खाली, डावीकडे, वर. तेच चित्र सोळा वेळा घ्यायचं आणि सोळाही फ्रेम एकमेकींत विणायच्या. दोन ठिपक्यांच्या मधल्या फटीत जे राहून गेलं असतं तेही मग पकडलं जातं. माझ्या मांडणीत एक पिक्सेल म्हणजे भिंतीवरची केसाच्या जाडीची जागा होती. मी अर्ध्या केसाच्या हिशेबात काम करत होते.

अट एकच. सोळा फ्रेम होईपर्यंत समोरचं काही हलता कामा नये. हललं तर धागे एकमेकांत बसत नाहीत आणि तिथे जाळी उमटते.


फ्रेम ५

त्यासाठी आमच्याकडे ‘पुतळा’ होता.

लाइटवाला हात वर करायचा. त्याला सगळे मोजपट्टी म्हणतात, कारण कमरेला कायम टेप आणि चहा दिला तरी आधी कपाची उंची बघेल असा माणूस. त्याचा हात वर गेला की हॉलमधल्या सगळ्यांनी पुतळा व्हायचं. पंखे आधीच बंद. मोठा दरवाजा एकाने आतून धरून ठेवायचा, कारण त्याची स्प्रिंग म्हातारी झाली आहे आणि सुटला की तो धाडकन आपटतो. झाडणाऱ्या बाई झाडू हवेत धरून थांबायच्या. दर सात सेकंदांनी लाइट लखकन चमकायचे. सोळा वेळा, म्हणजे दोन मिनिटांना थोडे कमी. मग मोजपट्टीचा हात खाली, आणि सगळ्यांचा श्वास एकदम सुटायचा.

सासूबाई सगळ्यात उत्तम पुतळा होत्या. सुई अर्ध्या टाक्यात असेल तर तशीच. मोजपट्टीने एकदा विचारलं, मावशी, हे कुठे शिकलात. तर म्हणाल्या, हिच्या सासऱ्यांचा राग जाईपर्यंत हेच करायचे, तीस वर्षं सराव आहे.

खरं तर काम सुरू झालं तेव्हाच मी त्यांना टेबल हलवायला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. हे काम मला मिळालं ते त्यांनी ग्रंथपालांपाशी माझ्यासाठी शब्द टाकला म्हणून. घरात ज्यांनी माझ्या हातच्या चहाचंही कधी कौतुक केलं नाही, त्या बाहेर जाऊन सांगून आल्या होत्या की आमची सून जे काम घेते ते चोख करते.


फ्रेम ६

चोख.

पहिल्या दिवशी खिडकीचा पडदा हलत होता. फोटोच्या कडेला, त्या कापडी पडद्यावर, जाळी आली. चित्रावरही आली, बोचकंवालीच्या बोचक्यावर, तळहाताएवढी. मला वाटलं, पडद्यामुळेच काहीतरी असेल, लाइटच्या स्टँडला झुळूक लागली असेल. फ्रेम विणणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा चौकोन आहे. ‘हालचाल दुरुस्त करा.’ मी टिक केली. टिक केली की जिथे जिथे काही हललेलं सापडेल तिथे सॉफ्टवेअर सोळांपैकी फक्त पहिली फ्रेम घेतं आणि उरलेल्या पंधरा टाकून देतं. जाळी जाते. चित्र स्वच्छ येतं. त्या जागी बारकावा जरा कमी असतो, पण ते कळायला नजर लागते.

माझ्याकडे ती नजर आहे. बोचकं किंचित मऊ दिसतंय हे मला तेव्हाच दिसलं होतं. मी स्वतःला सांगितलं, चित्रकाराने ते मऊच रंगवलं असेल. कापडच आहे शेवटी.

पडदा काढून ठेवला. टिक काढायची राहिली. तीन आठवडे राहिली.


फ्रेम ७

काल संध्याकाळी लॅपटॉप अडकला. मोजपट्टीने सॉफ्टवेअर पुसून पुन्हा टाकलं. त्यामुळे आज सकाळी तो छोटा चौकोन रिकामा होता, आणि साडेनऊला चित्राच्या पहिल्याच तुकड्यात जाळी आली.

आम्ही आधी स्वतःवर संशय घेतला. स्टँडचे स्क्रू आवळले. पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या. पुन्हा पुतळा, पुन्हा सोळा फ्रेम, पुन्हा जाळी. खिडक्या लावल्या. मोजपट्टी म्हणाला, ताई, तुम्ही बटण दाबून बाहेरच जा, तुमच्या श्वासानेही हलेल. मी बाहेर गेले. जाळी.

मग मला खांब दिसला. चित्राला लागूनच दगडी खांब आहे, आणि तो त्याच फोटोच्या कडेला येतो. खांबावर कोणीतरी कधीतरी खिळ्याने बदाम कोरला आहे, आत दोन अक्षरं. मी पडद्यावर तो बदाम मोठा केला. कोरीव रेघेच्या कडेवर धुळीचा एक कण बसलेला दिसत होता. इतका स्वच्छ.

कॅमेरा हलला असता तर बदामही फाटला असता. बदाम जागच्या जागी होता. त्याच फोटोत, त्याच दोन मिनिटांत, चार बोटं पलीकडे जाळी सुरू होत होती.

आम्ही सगळे पुतळे झालो होतो, तेव्हा ते हलत होतं.


फ्रेम ८, ९

रंग बदलत नाहीत ना हे तपासायला बोचकंवालीचा तुकडा मी दर चार-पाच दिवसांनी पुन्हा घेत आले होते. मूळ फ्रेम सगळ्या ठेवलेल्या होत्या. मी त्या टिकशिवाय विणल्या.

पहिला दिवस, तळहात.

पाचवा दिवस, ताटली.

दहावा, ताट. जाळी बोचक्यावरून तिच्या कोपरावर चढली होती.

पंधरावा, खिडकीचं एक दार.

आजचं, दाराच्या दोन्ही फळ्या, आणि शेजारणीचा एक डोळा.

तेव्हा दहा चाळीस झाले होते. मी तोंडावर हात दाबून उभी होते ती यासाठी.

भीतीचा दुसरा भाग कागदावर होता. दोन महिन्यांपूर्वी चित्राची मुठीएवढी खपली पडली होती, म्हणून तर हे फोटो आणि म्हणून तर इंजिनिअर. त्याने भिंतीच्या मागच्या बाजूला काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत सरकली तर काच तडकते. एकही तडकली नाही. पुढच्या बाजूसाठी त्याने माझे फोटो मागवले, पहिल्या दिवसाचा आणि पंधराव्या दिवसाचा एकमेकांवर ठेवून पाहिले आणि अहवालात लिहिलं, ‘चित्राचा पृष्ठभाग स्थिर आहे, सोबत छायाचित्रे.’ छायाचित्रांखाली माझी सही. त्या अहवालावर गेल्या सोमवारी हॉल वाचकांना पुन्हा खुला झाला.

इंजिनिअर बरोबर होता. भिंत हलत नव्हती. भिंतीवरचा दोन बोटं जाड गिलावा, चित्रासकट, भिंतीपासून सुटून नुसता उभा होता. कशाच्या आधारावर, ते मला माहीत नव्हतं.

मोजपट्टीला दाखवलं. त्याने सवयीने टेप बाहेर काढली, पडद्यावरच्या जाळीकडे बघत मनात गुणाकार केला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला,

“चार माणसांचं वजन आहे, ताई.”

मग त्याने टेप आत घातली. एरवी ती सट्‌कन सोडतो. आज बोटाने धरून, हळूहळू, आवाज न करता घातली.


फ्रेम १०

ओरडले का नाही, असं नंतर मला तीन जणांनी विचारलं.

ओरडले असते तर लोक दचकून उठले असते. खुर्च्या सरकल्या असत्या. कोणीतरी दरवाज्याकडे पळालं असतं आणि दरवाजा आपटला असता. हे कारण खरं आहे.

दुसरंही खरं आहे. मी चुकले असेन तर सासूबाईंची मान सगळ्यांसमोर खाली जाणार होती. आणि बरोबर असेन तर ती सही माझी होती. त्या दोन भीतींच्या मध्ये मी एक मिनिट तरी उभी राहिले असेन. सात सेकंदांची एक फ्रेम म्हटली तर आठ-नऊ फ्रेम.

तेवढ्यात दरवाजा आपटला.

ग्रंथपाल आत आले होते. माझी मान आपोआप चित्राकडे वळली. चित्र होतं तिथेच होतं. फक्त बोचकंवालीच्या पदरापाशी पिठासारखी एक बारीक धार सुटली आणि सासूबाईंच्या खांद्यावर पडली. त्यांनी मान वर न करता ती झटकली, कोंडा झटकावा तशी, आणि ब्रश पुन्हा सरसात बुडवला.


फ्रेम ११

ग्रंथपाल वाईट माणूस नाही. पुस्तक उलटं ठेवलेलं दिसलं तर रस्त्यातल्या दुकानातही सुलटं करून जाईल असा. मी कुजबुजत सगळं सांगितलं. त्यांनाही कुजबुजावं लागलं, आणि ग्रंथालयात आयुष्य गेलेलं असल्याने ते त्यांना छान जमलं. त्यांनी जाळी बघितली. पहिल्या दिवसाची, पंधराव्याची, आजची. मग चौकोनाबद्दल विचारलं. मी टिक करून दाखवली. जाळी गेली. टिक काढली. जाळी आली.

“मग टिक ठेवा ना,” ते म्हणाले. “त्यात चित्र चांगलं दिसतं.”

“ते खोटं आहे, साहेब.”

“खोटं तीन आठवडे तुम्हीच दिलंत, मॅडम.”

मी चौकोन रिकामाच ठेवला.

त्यांनी तिथल्या तिथे इंजिनिअरला फोन लावला. काचा शाबूत आहेत, कालच बघितल्या, असं तो म्हणाला. ग्रंथपाल मान हलवत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी माऊस स्वतःच्या हातात घेतला, चौकोनात टिक केली, स्वच्छ चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि हात मागे घेतला. सोमवारी उघडलेला हॉल शुक्रवारी एका चाळणीसाठी बंद करायचा, तर वर काय सांगू, असं त्यांनी मला नव्हे, पडद्याला विचारलं. शेवटी म्हणाले, माझ्यासमोर एकदा घ्या. कोणी हललं नाही हे मला दिसू दे. तरीही तेच आलं तर मी दरवाजा उघडत नाही.

मी घेते म्हटलं. पण हॉलमध्ये कोणी नको. आपणही नको.

दहा एक्कावन्न.


फ्रेम १२

मी चप्पल काढली आणि सासूबाईंपाशी गेले. पंधरा पावलं. फरशी गार होती.

“आई, उठा.”

“सरस ओला आहे. पाच मिनिटं.”

“आत्ता उठा.”

“अगं, आत्ता सोडला तर पाठ वाकडी धरेल. शब्दकोश आहे हा, गोष्टीचं पुस्तक नाही. लोक दिवसातून दहा वेळा उघडतात.” त्यांनी वर बघितलं. “तुझं तोंड का असं झालंय? त्यांनी काम काढून घेतलं का?”

जिच्या डोक्यावर ते उभं होतं तिला ते कसं सांगायचं ते मला कळेना. मी त्यांच्याच कामातलं विचारलं.

“आई, कव्हरचा कागद पुठ्ठ्यापासून सुटतो तेव्हा काय होतं?”

“फुगा धरतो.”

“दिसतो?”

“नेहमी नाही दिसत. वरून गुळगुळीत असतं. बोटाच्या पेराने टकटक केलं की पोकळ वाजतं, तेव्हा कळतं.”

त्या बोलता बोलता थांबल्या. खांद्याकडे पाहिलं. खांद्यावर अजून थोडं पांढरं होतं. ते दोन बोटांत घेऊन त्यांनी चुरगाळून पाहिलं, वास घेतला. मग त्या उठल्या, वळल्या, आणि एकतीस वर्षांच्या सवयीने पेर पुढे करून शेजारणीच्या पायावर टकटक करायला गेल्या.

मी त्यांचं मनगट धरलं. मी त्यांना असं कधी धरलं नव्हतं. त्यांच्या हातावरचा सरस माझ्या हाताला लागला.

“हात लावू नका.”

पेर चित्रापासून वीतभर अंतरावर होतं. त्या चित्राकडे नाही, मनगटावरच्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

“तुला कधीपासून माहीत आहे?”

“आज सकाळपासून.”

“आणि तुझ्या फोटोंना?”

“एकवीस दिवस.”

त्या खाली बसल्या. शब्दकोश उचलला, पाठ सरळ केली, पुस्तक दाबून धरायच्या लाकडी शिकंज्यात घातला आणि वरचा दांडा फिरवू लागल्या. लाकूड कुरकुरलं. एक फेरा. दोन. मी वर बघत होते. बोचकंवालीचा डोळा माझ्याकडे बघत होता. तिसरा फेरा.

“चल,” त्या म्हणाल्या. एप्रन सोडून खुर्चीच्या पाठीवर टाकला. त्या खालून बाहेर आल्या.


फ्रेम १३

बाळ आत्ताच झोपलेल्या खोलीतून निघावं तसे आम्ही निघालो. झाडणाऱ्या बाई, पुस्तकं लावणारे दोघे जण, ग्रंथपाल, सासूबाई, मी. मोजपट्टी दरवाज्याला पाठ लावून, पाय रोवून उभा होता. तो मोजत होता, कोण कोण गेलं ते. शेवटी त्याने दरवाजा सोडला नाही, एक जाडजूड वही फटीत अडकवली. सासूबाईंनी वहीकडे आणि मग त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ती काढून स्वतःचा बूट अडकवला.


फ्रेम १४

बाहेर जिन्यावर पंधरा-वीस वाचक जमले होते. अकरा वाजून एक मिनिट झालं होतं. आत परीक्षा चालली आहे का, असं एकाने विचारलं. कोणी हसलं नाही. ग्रंथपालांनी सगळ्यांना खालच्या मजल्यावर पाठवलं.

कॅमेरा आत होता, तिथेच. लॅपटॉप मी लांब वायरीने बाहेर आणला होता आणि तिसऱ्या पायरीवर ठेवला होता. सासूबाई माझ्या शेजारी बसल्या. सरसाचा हात अंगापासून लांब धरून. ग्रंथपाल मागे वाकून उभे. मी बटण दाबलं.

मोजपट्टीने हात वर केला. आत कोणीच नव्हतं, तरी केला.


फ्रेम १५

दाराच्या फटीतून लाइट चमकला. पहिली फ्रेम पडद्यावर आली. चित्र, टेबल, खुर्ची, खुर्चीवर एप्रन. सात सेकंद. चमक. दुसरी. तीच. तिसरी. तीच. चौथी. ग्रंथपाल आकडे पुटपुटत होते. पाचवी, सहावी, सातवी. उघड्या डोळ्यांना सगळ्या सारख्याच दिसतात. आठवी आली आणि ग्रंथपालांनी एक सुस्कारा सोडला. त्यात जरा ‘बघा’ असा सूर होता. मलाही, खरं सांगते, क्षणभर वाटलं की हे सगळं माझ्या डोक्यात आहे. आणि मला ते आवडलं.

आवाज मी कल्पना केली होती तेवढा मोठा नव्हता. ओल्या पुस्तकांचा गठ्ठा कोणी दमून खाली टाकावा तसा. मग एक दुसरा, जास्त वेळ चालणारा. जिन्याच्या कठड्यातून तो माझ्या पाठीत आला. मग फटीतून धूळ आली.

आणि धुळीच्या आत लाइट चमकला. सात सेकंद झाले होते.

नववी फ्रेम राखाडी. दहावी राखाडी. कोणीच पडद्यावरून डोळे काढत नव्हतं, कारण दरवाज्याकडे बघायची हिंमत कोणाची नव्हती. अकरावीत डाव्या कडेला खांब परत आला. बदामासकट. तेरावीत विटा. चौदावीत आणखी विटा, लालभडक, पंच्याऐंशी वर्षांत उजेड न पाहिलेल्या. पंधरावीत एका ढिगातून शिकंज्याचा दांडा वर आलेला दिसला. सोळावीतही खुर्ची दिसली नाही.

मोजपट्टीचा हात वरच राहिला होता.

“खाली घे रे,” सासूबाई म्हणाल्या. “झालं.”


फ्रेम १६

सोळा फ्रेम झाल्या की सॉफ्टवेअर कोणाला न विचारता त्या विणायला घेतं. पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली. आम्ही तिच्याकडे बघत राहिलो, कारण बघायला दुसरं काही नव्हतं. पट्टी भरली. चित्र आलं.

नदी. काठावर थांबलेली माणसं. बोचकं घेतलेली बाई, पायापासून केसांपर्यंत पुरी. खाली टेबल, टेबलावर शिकंजा, खुर्ची, खुर्चीवर एप्रन. कुठेही ओरखडा नाही, धुळीचा कण नाही. जिथे काही हललं असेल तिथे फक्त पहिली फ्रेम.

टिक ग्रंथपालांनी केली होती. ती काढायची माझ्याकडून राहिली होती. दुसऱ्यांदा.

ग्रंथपाल खोकत होते. खोकता खोकता त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग दरवाज्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर अर्धा क्षण काहीतरी सैल झालं. त्यांचा पडद्यावर विश्वास बसत होता. मी ते पाहिलं, आणि त्या सकाळी मला सगळ्यात जास्त भीती तेव्हा वाटली. कारण तो चेहरा माझा होता. तीन आठवडे रोज संध्याकाळी मी तो घेऊन घरी गेले होते.

सासूबाई पुढे वाकल्या. खुर्ची बघितली. आपला एप्रन बघितला. बराच वेळ बघितला.

“इंजिनिअरला दिलेस ते असेच?”

“हो.”

“सही करून?”

“हो.”

त्यांनी हात पुसला नाही. हे कशाने पुसलं जातं, म्हणून विचारलं. एका चौकोनातल्या खुणेने, मी म्हटलं. कुठली ती खूण, म्हणाल्या. मी बोटाने दाखवली. माऊस त्यांनी कधी धरला नव्हता. त्यांनी तो सुईसारखा दोन बोटांत धरला, चौकोनावर नेला, आणि मी त्यांच्या बोटावर बोट ठेवून दाबलं. टिक गेली. आमची बोटं लगेच सुटली नाहीत. सरस धरायला लागला होता.

निळी पट्टी पुन्हा भरू लागली. यावेळी मी सगळ्यांना सांगितलं, साहेबांनाही, की थांबा आणि बघा, आणि यावरही सही माझीच असेल. पहिल्या सहीचं काय ते मी इंजिनिअरला स्वतः सांगणार होते. त्याचा नंबर ग्रंथपालांनी माझ्या पुढ्यात धरला.

जाळी वरून खाली उतरत आली. आधी आकाशावर. मग नावेची वाट बघणाऱ्यांच्या डोक्यांवर. मग शेजारणीच्या कपाळावर, डोळ्यांवर, बोचक्यावर, टेबलावर, आणि शेवटी खुर्चीवर.

सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांनी माझ्या सासूबाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर माझ्या शेजारी बसल्या होत्या.